फळीचा फूट, ओळंब्याचा फूट

परवा रेवाचा, माझ्या मुलीचा, फोन आला. गंगापूर रोडला तिचा फ्लॅट आहे, त्याच्या गच्चीत तिला चढाईच्या सरावाची फळी उभी करायची आहे. हल्ली या गोष्टीचं कुणाला नवल राहिलं नाही. पोरंपोरी ऑफिसातून येतात, तासभर तिरप्या फळीला पालीसारखी चिकटतात आणि त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतात. "आई, फळी दहा फुटी आहे. भिंतीच्या पायथ्याशी टेकवून तीस अंशांनी पुढे झुकवायची. पुढचे खांब किती उंच लागतील? ॲपमध्ये काढलंय मी, पण तू एकदा बघ ना." तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला कुणी असं विचारलं की बाईने हुरळून जायला हवं. मी "आठ फूट आठ इंच" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. रेवाला वाटलं असणार, आईचं डोकं आज ठिकाणावर नाही. मला आकडेमोड करावीच लागली नव्हती. तो आकडा चाळीस वर्षं माझ्या डोक्यात उभा आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरा, आठ फूट दीड इंच. या दोन आकड्यांमधल्या साडेसहा इंचांबद्दल मी रेवाला कधी बोलले नाही, तिच्या वडिलांनाही नाही. आता लिहूनच टाकते.

आम्ही सातपूरला कॉलनीतल्या बैठ्या घरात राहायचो. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे फरशी घातलेलं मोकळं अंगण. बाबा कंपनीत होते. कंपनीचा भोंगा वाजला की आमच्या घरातली कामं पुढे सरकायची. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला बाबांचा डबा. आई विंचूरकडची. ती बुक्कीने कांदा फोडायची, बाजरीच्या भाकरीवर ठेचा आणि कच्चं तेल घालून द्यायची आणि बोलताना 'हाय', 'नाय', 'लय' म्हणायची. मला मैत्रिणींसमोर त्याची लाज वाटायची. "आई, हाय नाही गं, आहे," असं मी तिला सुधारायची आणि ती हसून म्हणायची, "बरं बाई, आहे." मी दहावीत होते, वर्गात पहिली येत होते आणि तोंडाने फाटकी होते. घरात शेवटचा शब्द नेहमी माझा. दादाच तेवढा मला पुरून उरायचा. माझं नाव मंदाकिनी, घरात सगळे मंदा म्हणत, तो मात्र "काय गं मंद" अशीच हाक मारायचा.

दादा म्हणजे अभय, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. उंच, काटकुळा, पॉलिटेक्निकला जायचा. पण जीव सगळा डोंगरात. रविवार उजाडला की तो आणि त्याचे मित्र त्र्यंबकच्या बाजूला पसार. घरात असला की दाराच्या चौकटीला बोटांनी लटकायचा. प्रत्येक चौकटीवर त्याच्या बोटांचे काळपट डाग होते आणि आई रोज ओरडायची, "अभ्या, माकडा, घर पाडशील." पुढे कितीतरी दिवाळ्यांना आमच्याकडे भिंतींना रंग लागला, चौकटींना मात्र आईने कधी लागू दिला नाही. त्या वर्षी त्याच्या ग्रुपने एक सुळका चढायचं ठरवलं होतं. त्या सुळक्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते नाव मी घेत नाही. वरच्या टप्प्यात खडक छातीवर झुकून येतो, तिथे हातांवर फार जोर लागतो, असं तो सांगायचा. कुणाकडून तरी आणलेल्या परदेशी मासिकात त्याने एक फोटो पाहिला होता. घराच्या मागे झुकती फळी, तिच्यावर लाकडी पकडी ठोकलेल्या आणि खाली गादी. झालं, त्याने ध्यासच घेतला. हातात महिना होता. महिनाभर रोज या फळीवर हात कमावायचे, मग सुळका. "मंद, तुझं ते त्रिकोणमिती का काय ते एकदा तरी कामाला येऊ दे," म्हणून त्याने हिशोब माझ्यावर टाकला आणि सुतारकामाला हमीदचाचांना बोलावलं.

हमीदचाचा आमच्या घराच्या खिडक्या-दारांपासूनचे सुतार. जुन्या नाशकात त्यांचं दुकान होतं. कानावर पेन्सिल, सदऱ्याच्या खिशात ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं ते पितळी वजन. रंधा मारताना ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणायचे आणि लाकडाचे पातळ कुरळे कपचे अंगणभर पसरायचे. सागाचा तो वास अजून कुठे आला तर मी तिथून उठून जाते. त्या दिवशी दादा कॉलेजात होता. मी वही घेऊन चाचांसमोर बसले आणि साइन, कोसाइन असं मोठ्या थाटात वाचायला लागले. चाचांनी हात वर केला. "बेटा, ते साइन-बिइन तुझ्या वहीत राहू दे. मला ढाळ सांग. फुटाला किती इंच?" मी तीस अंशाचा टॅन्जंट काढला, बाराने गुणला. सहा पूर्णांक नऊ दशांश. "सात इंच," मी सांगितलं. चाचांनी पेन्सिल उचलली आणि मग थांबून विचारलं, "फूट कुठला? फळीचा का ओळंब्याचा?"

बाहेर माझी मैत्रीण सायकलची घंटी वाजवत उभी होती. आम्हाला पंचवटीत जायचं होतं, कशासाठी तेही आता आठवत नाही, म्हणजे काही जगावेगळं काम नसणार. मी चप्पल पायात सरकवत म्हटलं, "चाचा, फूट म्हणजे फूट. फुटाला काय दोन जाती असतात?" चाचा हसले. "बरं बाई, तू शिकलेली," म्हणाले आणि त्यांनी पट्टी उचलली. असतात. फुटाला दोन जाती असतात. सात इंच होते ते ओळंब्याच्या फुटाचे, म्हणजे सरळ उभ्या उंचीचे. फळीच्या अंगाने मोजायचं तर सहाच इंच. चाचांच्या हातात फळी होती, त्यांनी फळीचा फूट धरला. दहा फूट फळी, फुटाला सात, म्हणजे भिंतीपासून सत्तर इंच. तिथे त्यांनी खांब रोवले आणि फळीचं वरचं टोक जिथे आलं त्या उंचीला कापले. मी संध्याकाळी परत आले तेव्हा सगळं ठोकून झालं होतं. पुढे वर्गात मी हे उदाहरण घालून दरवर्षी विचारायची, "फूट कुठला?" पोरं हसायची.

दादा आला तो दप्तर फेकून थेट फळीला भिडला. दोन पकडी घेतल्या आणि धप्पकन गादीवर. पुन्हा चढला, पुन्हा धप्प. मग तो कोनमापक आणि दोरा घेऊन आला आणि बघतो तर काय, छत्तीस अंश. "आयला! हे तीस कुठंय? मला अजून तीसवर धड लटकता येत नाही, हे छत्तीस कुठल्या जन्मी जमायचं? कुणी चुकवलं?" चाचा कोपऱ्यात भुसा झाडत होते. मी म्हटलं, "चाचांनी. मी बरोबर सांगितलं होतं, सात इंच." आणि ते खरंही होतं, परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले असते. चाचांनी झाडू थांबवला. माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? दादाने मला दोन शिव्या हासडल्या असत्या, आठवडाभर मंदच्या ऐवजी महामंद म्हणाला असता. पण चाचा इतकंच म्हणाले, "कापलेलं लाकूड वाढत नाही, बाबू. नवे खांब आणतो. मधे एका लग्नाच्या फर्निचरचं काम आहे, पंधरा दिवस दे." दादा म्हणाला, "राहू द्या चाचा, घाई नाही. खडकावरच करू सराव."

त्या महिन्यात तो फळीवर पुन्हा गेला नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी उठले तेव्हा तो निघून गेला होता. दुपारी तीनच्या सुमारास त्याचे दोन मित्र दारात आले. दादा त्यांच्यात नव्हता. त्यातल्या एकाने नंतर, तेराव्याच्या दिवशी, बाबांना सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं: "काका, झुकत्या टप्प्याखाली त्याचे हात भरून आले. थांबतो म्हणाला, आणि बोटं उघडली." बोटं उघडली. कितीतरी वर्षं मी भाजी चिरताना, खडू धरताना, रेवाला मांडीवर घेतलेलं असतानासुद्धा एकदम स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची.

फळी तशीच होती. आणि ती वाजायची. सूर्य कलला की सागवानातून करकर असा आवाज यायचा, कुणीतरी वजन टाकावं तसा. आम्ही तिघं जेवायला बसलेलो असायचो आणि तिघांचे घास थांबायचे. बाबा म्हणायचे, "लाकूड सुकतंय." आई ताटाकडे बघत म्हणायची, "हां." दुसऱ्या दिवशी पुन्हा करकर, पुन्हा "लाकूड सुकतंय". एका रविवारी बाबांनी शेजारून कुऱ्हाड आणली. आई अंगणात मधोमध उभी राहिली. "त्याच्या हाताचा घाम हाय त्याच्यावर," ती म्हणाली. बाबांनी कुऱ्हाड परत देऊन टाकली आणि जादा पाळ्या मागून घ्यायला सुरुवात केली. घरात मग मी, आई आणि ती फळी.

मी फळीवर चढायला लागले ते कशासाठी, हे मला सरळ सांगता येत नाही. चढाईची मला काडीची आवड नव्हती. मला बघायचं होतं की हात भरून येतात म्हणजे काय होतं. शाळेतून आले की मी अनवाणी पहिल्या दोन पकडींना लटकायची. आधी मनगटापासून कोपरापर्यंत गरम होतं, मग हात दगडासारखा घट्ट होतो, मग बोटं आपली राहत नाहीत. आपण सांगतो धर, आणि ती उघडतात. पहिल्यांदा पडले तेव्हा गादीचा आवाज झाला, धप्प. स्वयंपाकघरातून आईची किंकाळी आली, "अभ्या!" ती धावत आली. हात पिठाने माखलेले. मला पाहून ती दारातच थांबली आणि क्षणभर तिच्या तोंडावर जे आलं, ते मी कधी विसरले नाही. तिला मी नको होते. दोष देत नाही मी, तेवढ्या एका क्षणापुरती मी तिला नकोच होते. मला वाटलं आता फटके बसणार. ती म्हणाली, "चढायचं तर चढ. पर पडली का वरडायचं. हाय म्हनून. न्हाई तर माझा जीव जाईन." तेव्हापासून रोज दुपारी धप्प, आणि मागोमाग मी, "हाय!" आत आईचं थांबलेलं लाटणं पुन्हा सुरू व्हायचं. 'आहे' म्हणावं असं मला एकदाही सुचलं नाही.

दोनेक महिन्यांनी हमीदचाचा आले. हातगाडीवर दोन नवे खांब होते, रंधा मारून, पॉलिश करून. अंगणाच्या दारातच ते म्हणाले, "भाभी, अभयबाबूचं काम माझ्याकडून अपुरं राहिलं. तेवढं बसवून जातो." आई धुणं वाळत घालत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "कुणासाठी बसवता आता? तवाच माप नीट घेतलं असतं हमीदभाई, तर पोरगा महिनाभर इथं या अंगनात लटकला असता. हात तयार झाले असते त्याचे." तिचा आवाज चढत गेला. "एवढी साठी आली तुमची, तुम्हाला एक फळी लावता येईना?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एकदाच. मी खाली बघितलं. "हां भाभी," चाचा म्हणाले, "माप चुकलं." त्यांनी गाडी फिरवली. बोळाच्या तोंडाशी चाक खड्ड्यात अडकलं, तेव्हा त्यांना ती एकट्याने रेटावी लागली आणि मी तिथूनच बघत राहिले. मदतीला गेले नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी मी तिसऱ्या पकडीवरून पडले. गादीच्या कडेवर पाठ आपटली आणि श्वासच अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. आत लाटणं थांबलेलं मला ऐकू येत होतं. मी 'हाय' म्हणायचा प्रयत्न करत होते, छातीतून हवा निघत नव्हती. आई आली ती धावत नाही, हळूहळू, भिंतीला धरत, पुढे काय बघायचं आहे ते आधीच ठाऊक असल्यासारखी. माझे डोळे उघडे पाहून ती मटकन खाली बसली. माझा श्वास परत आला आणि त्यासोबत पहिले शब्द आले ते हे, "आई, चाचांनी विचारलं होतं मला. फूट कुठला म्हणून विचारलं होतं. मीच उद्धटपणा केला. आणि दादाला खोटं सांगितलं." मग सगळं सांगितलं, सायकलची घंटी, सात इंच, दोन जाती, सगळं. तिला ढाळ कळला की नाही कोण जाणे. चाचांवर मी ढकललं, तेवढं मात्र तिला बरोबर कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. उठली, हात धुतले, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाली, "चप्पल घाल."

शहर बसने आम्ही जुन्या नाशकात गेलो. चाचा दुकानात पाटाला पाय ठोकत होते. आई मला पुढे ढकलून स्वतः बाहेर पायरीवर उभी राहिली. "तिथं मी बोलले, इथं तू बोल," म्हणाली. मी काय बोलले ते शब्द आठवत नाहीत. भोकाड पसरलं होतं. चाचांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "बेटा, तू लेकरू होतीस. मी तर मिस्त्री आहे ना? माझा बाप सांगायचा, करवत लावायच्या आधी दोनदा विचार. मी एकदाच विचारलं. तू हसवलंस, मी हसलो, आणि कापलं." आई पायरीवरून म्हणाली, "हमीदभाई, मी लय बोलले तुम्हाला. माफ करा." चाचांनी नुसते दोन्ही हात जोडले. त्यांच्या पोराने आम्हाला पाणी आणून दिलं. ते खांब दुकानाच्या कोपऱ्यात उभे होते. माझी पाठ आपोआप त्यांच्याकडे वळली.

परत येताना बस लवकर मिळेना, म्हणून आम्ही चालत निघालो. मी मनातून वाट बघत होते. आता आई म्हणेल, तुझी चूक नव्हती गं. आई चूक माफ करते, पुस्तकात तरी असंच असतं. ती पुढे पुढे चालत होती. एका भाजीवालीपाशी थांबली, मेथीची जुडी हातात घेतली, झटकली, उलटीसुलटी केली, आणि जुडीकडे बघतच म्हणाली, "त्या दिशी तो उठत नव्हता."

मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल बोलतेय.

"गजर वाजला तर त्यानं बंद केला. मला म्हनला, आई, आज नाय जात, हात दुखतायत, झोपू दे. मीच म्हनले, पहाटं उठून दशम्या केल्या मी, आन आता नाय जात म्हनतो व्हय? गोधडी वढली त्याच्या अंगावरची. पाय धरून वढला त्याला." तिने जुडी परत ठेवली, दुसरी घेतली. "हसत हसत गेला."

मी म्हणायला हवं होतं, आई, यात तुझी कसली चूक? घरात शेवटचा शब्द माझा असायचा. पण माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही, आणि त्याचं कारण दुःख नव्हतं. कारण असं की ते ऐकता ऐकता माझ्या छातीवरचं ओझं खाली उतरलं होतं. बरं झालं, मनात आलं. मग माझ्यामुळे नाही. इतकं हलकं मला त्या दोन महिन्यांत कधी वाटलं नव्हतं. आणि आईने त्याच वेळी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, डाळीतला खडा बघतात तसं. तिला हवं होतं ते दिसलं असावं, कारण तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मेथी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चल."

तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, मरेपर्यंत नाही. आणि मी, गणिताची बाई, एक साधा प्रश्न तिला विचारू शकले नाही. त्या दिवशी दादा खरंच झोपू दे म्हणाला होता का, की मेथीच्या जुडीपाशी उभं राहून तिने ते माझ्यासाठी तिथल्या तिथे रचलं?

आता विचारायचं तरी कुणाला?